दुःख दुसऱ्याच्या नावावर

घरात मृत्यू झाला की एक माणूस असा असतोच, ज्याला रडायला सवड मिळत नाही. तिरडीचं सामान, नातेवाइकांना फोन, मृत्यूच्या दाखल्यासाठी पालिकेत खेटे, दहाव्या-तेराव्याची तयारी, सगळं तो बिनबोभाट पार पाडतो. लोक म्हणतात, ‘मन घट्ट आहे हो याचं.’ दोन महिन्यांनी एका दुपारी टीव्हीवर ‘श्यामची आई’ लागतो. आईचं आजारपण सुरू होतं आणि हा घट्ट मनाचा माणूस हमसून हमसून रडायला लागतो.

पडद्यावरच्या बाईशी त्याचं काही नातं नाही. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या चित्रपटात वनमाला या अभिनेत्रीनं केलेला तो अभिनय आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी घरच्या माणसासाठी न आलेलं रडू तिच्यासाठी आलं.

या कोड्यावर कॉलिन रॅडफर्ड या इंग्रज तत्त्वज्ञानं १९७५ मध्ये एक लेख लिहिला, तो आजही वादाचा विषय आहे. अ‍ॅना कारेनिना ही कादंबरीतली बाई कधी जगलीच नाही हे माहीत असताना वाचकाला तिच्यासाठी दुःख होतंच कसं, असा त्याचा प्रश्न होता. हे वागणं माणसाला साजेसं असलं तरी तर्काला धरून नाही, अशा निष्कर्षाला तो आला. शोकाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ याच कोड्याकडे दुसऱ्या बाजूनं बघतात. हे रडू तर्कशुद्ध आहे की नाही यापेक्षा ते काय काम करतं, हे त्यांना महत्त्वाचं वाटतं.

शोकाला पायऱ्या नसतात

कथा शोकावर काय परिणाम करते हे कळायला आधी शोक कसा चालतो ते पाहावं लागतं. त्याबद्दलचा एक समज फार पसरलेला आहे: नकार, राग, देवाशी सौदा, खिन्नता आणि शेवटी स्वीकार, अशा पाच पायऱ्या माणूस ओळीनं चढतो. या पायऱ्या एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी १९६९ च्या आपल्या पुस्तकात मांडल्या. पण त्या मांडल्या होत्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांच्या शोकाला त्या नंतर चिकटल्या. प्रत्यक्षात शोक करणारी माणसं या क्रमानं जातात असं काही दिसत नाही.

नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठातल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये जास्त पटणारं चित्र मांडलं. त्यांच्या मते शोकात माणसाला दोन कामं असतात. एक, गेलेल्या माणसाला सामोरं जाणं: आठवणं, रडणं, फोटो काढून बसणं. दुसरं, उरलेल्या आयुष्याला सामोरं जाणं: बँकेचे व्यवहार शिकणं, एकट्यानं बाजार करणं, घरात नवी घडी बसवणं. निरोगी शोक या दोन्हींत ये-जा करतो. सकाळी विजेचं बिल भरणारी बाई दुपारी नवऱ्याचा सदरा हातात घेऊन बसते आणि संध्याकाळी नातवाला हसवते, यात विसंगत काही नाही.

विहिरीवर दारं धरणाऱ्या शेतकऱ्याला ही रीत चटकन कळेल. पाटाचं सगळं पाणी एकाच वाफ्यात सोडलं तर वाफा फुटतो. पाणी सोडलंच नाही तर पीक जळतं. म्हणून तो एका वाफ्याचं दार उघडतो, वाफा भरला की मातीनं बुजवतो आणि पाणी पुढं वळवतो. शोकालाही असं उघडणारं आणि बंद होणारं दार लागतं. चांगली कथा ते दार होऊ शकते, कारण तिला ठरावीक वेळ असते. नाटकाचा पडदा पडतो, प्रकरण संपतं, चित्रपटगृहातले दिवे लागतात.

मग जी माणसं फारशी रडतच नाहीत त्यांचं काय? कोलंबिया विद्यापीठातल्या जॉर्ज बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी एका अभ्यासात उतारवयात जोडीदार गमावलेल्या लोकांची मृत्यूच्या आधीची आणि नंतरची माहिती ताडून पाहिली. जवळपास निम्म्या लोकांची मनःस्थिती मोठी घसरण न होता टिकून राहिली होती. त्यांना आठवण येत होती, दुःखही होत होतं, पण खाणं-झोपणं, कामधाम, माणसांत मिसळणं सुरू होतं. अभ्यासकांच्या लेखी मनाची चिवट लवचीकता ती हीच. ती दुर्मीळ नाही, आणि कोरडेपणाची खूणही नाही.

जवळ, पण अंगावर नाही

दुःखाची गोष्ट सुख कशी देते, हा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्रानं फार आधी हाताळला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण हा आठ रसांपैकी एक आणि शोक हा त्याचा स्थायी भाव. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथानं ‘साहित्यदर्पणा’त अगदी व्यवहारी युक्तिवाद केला: करुण रसानं दुःखच होत असतं तर त्याच्या वाटेला कुणी गेलंच नसतं, आणि रामायणही कुणी ऐकलं नसतं.

हे घडतं कसं, याचं उत्तर भट्टनायक आणि त्याच्यानंतर अभिनवगुप्त या काश्मिरी पंडितांनी दिलं. अभिनवगुप्त सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. त्यांची संज्ञा आहे साधारणीकरण. सोप्या भाषेत सांगायचं तर रंगमंचावरचं दुःख हे ‘माझं’ नसतं, शेजाऱ्याचंही नसतं. ते कुणा एकाच्या मालकीतून सुटून सगळ्यांचं झालेलं असतं. स्वतःच्या दुःखात माणसाला काहीतरी करावं लागतं, धावावं लागतं, निर्णय घ्यावे लागतात. या मोकळ्या झालेल्या दुःखात त्याच्यावर कसलीच जबाबदारी नसते. त्याला फक्त ते अनुभवायचं असतं.

फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक संस्थेत कलानुभवाचा अभ्यास करणारे विन्फ्रीड मेनिंगहाउस आणि त्यांचे सहकारी २०१७ मध्ये बऱ्याच जवळच्या ठिकाणी पोचले. त्यांचं म्हणणं असं की दुःखासारख्या भावना लक्ष खेचून घेतात आणि खोलवर नेतात, पण ‘हे खोटं आहे’ ही जाणीव आपल्याला त्यांच्यापासून सुरक्षित अंतरावर ठेवते. अंतर आहे म्हणूनच दुःखाला जवळ घेता येतं.

भवभूतीचं नाटकातलं नाटक

हे अंतर कसं काम करतं आणि कसं तुटतं, याचा उत्तम नमुना आठव्या शतकातल्या ‘उत्तररामचरित’ या संस्कृत नाटकात आहे. त्याचा कर्ता भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा.

नाटकाच्या पहिल्याच अंकात लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच आयुष्यावर काढलेली चित्रं दाखवतो. वनवास संपलेला आहे, संकटं मागं पडली आहेत. तरी चित्रातल्या पंचवटीपाशी येताच जुनं दुःख जागं होतं. ‘हे चित्र आहे’ याची सीतेला आठवण करून द्यावी लागते. पुढं लोकापवादामुळं राम सीतेचा त्याग करतो. तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी तो पुन्हा पंचवटीत येतो. राजा म्हणून इतकी वर्षं दाबून ठेवलेलं रडू तिथली झाडं, पाखरं, जुन्या जागा पाहून फुटतं. सीता अदृश्य रूपात तिथं आहे. तिच्या स्पर्शानं तो सावरतो, पण ती त्याला दिसत नाही.

शेवटच्या अंकात वाल्मीकी गंगेच्या काठी नाटक लावतो. विषय आहे त्याग झाल्यानंतरची सीतेची कहाणी, प्रेक्षकांत खुद्द राम आणि प्रजाजन. प्रयोग पाहताना राम इतका हेलावतो की तो मध्येच सीतेला हाक मारतो, आणि हे नाटक असल्याचं लक्ष्मणाला त्याला सांगावं लागतं. थोड्या वेळानं तो मूर्च्छित पडतो. मग ऋषिपत्नी अरुंधती खऱ्या सीतेला पुढं आणते.

भवभूतीनं इथं दोन गोष्टी अचूक टिपल्या आहेत. पहिली म्हणजे शोकाची मात्रा. ज्याचं दुःख अगदी त्याच घटनेचं आहे त्याला सुरक्षित अंतर राखणं अवघड जातं, शेजारी लक्ष्मणासारखं कुणीतरी लागतं. दुसरी म्हणजे प्रेक्षागृह. ज्या प्रजेच्या कुजबुजीमुळं सीतेला वनात जावं लागलं, तीच प्रजा रामाच्या शेजारी बसून तिची बाजू पाहते. रामानं एकट्यानं रडून सीता परत आली नसती. तिच्यावरचा अन्याय सगळ्यांनी मिळून पाहिल्यावरच तिला परतण्याची जागा तयार होते.

आधी काय झालं, मग काय झालं

आतापर्यंत गोष्ट झाली पाहणाऱ्याची. लिहिणाऱ्याचं काय होतं?

अमेरिकेतल्या जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एका साध्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी किरकोळ विषयावर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवावर. क्लेशाबद्दल मनापासून लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच बरं वाटलं नाही, उलट त्यांची मनःस्थिती बिघडली. पण पुढच्या सहा महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या कॉलेजच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या विश्लेषणांत दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतं’ अशा शब्दांचं प्रमाण वाढत गेलं त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे नुसतं ओकून टाकल्यानं भागत नाही. तुकड्या-तुकड्यांतल्या आठवणी एका ओळीत लावाव्या लागतात.

यापुढचा प्रयोग आणखी चकित करणारा आहे. १९९६ मध्ये मेलनी ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थिनींना स्वतःच्या आघाताबद्दल लिहायला लावलं आणि काहींना एक काल्पनिक आघात दिला, जो त्यांच्या बाबतीत घडलाच नव्हता. पुढच्या महिन्यात आजारपणासाठी डॉक्टरकडे जाणं दोन्ही गटांत कमी झालं. शिवाय लिहून झाल्या झाल्या काल्पनिक आघातवाल्या मुली खऱ्या आघातवाल्यांपेक्षा कमी खिन्न होत्या. दुसऱ्याच्या नावावर दुःख हाताळतानाही माणूस आपल्या भावनांना लगाम घालण्याची तालीम करत असतो, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

मराठीत या कामाचं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे ‘श्यामची आई’, सुरुवातीच्या त्या चित्रपटामागचं पुस्तक. साने गुरुजींची आई यशोदाबाई १९१७ मध्ये गेली. गुरुजींनी हे पुस्तक हाती घेतलं ते १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, आणि त्याचा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून झाला. आईच्या मृत्यूला तेव्हा पंधरा वर्षं उलटून गेली होती.

पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. आठवणी गुरुजींच्या, पण सांगणारा श्याम. तो आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक प्रसंग सांगतो, आणि प्रकरणांना नावही ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असंच आहे. एका रात्री एक आठवण, मग झोप, मग दिवसभराचं काम, मग पुढची आठवण. स्ट्रोबे आणि शुट यांनी सांगितलेली ये-जा या रचनेतच आहे. श्रोतेही आहेत, त्यामुळं सांगणारा आठवणींत एकटा बुडत नाही. आईच्या अखेरच्या क्षणी जवळ नसलेल्या श्यामला ती अखेर कशी झाली ते मित्रांना क्रमानं, शब्दांत सांगता येतं.

गेलेल्याला सोडायचं की जपायचं?

विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात मानसोपचारांत असं मानलं जाई की शोक पुरा होणं म्हणजे गेलेल्या माणसाशी असलेला भावनिक धागा तोडणं. फ्रॉइडच्या १९१७ च्या प्रसिद्ध निबंधाचा हा प्रभाव होता. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या पुस्तकानं ही समजूत उलटी केली. माणसं धागा तोडत नाहीत, त्याचं रूप बदलतात, असं त्यांनी दाखवून दिलं. श्राद्धाला पान वाढणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये.

हे रूप बदलणं कथेत कसं होतं, ते मॅगी ओफॅरेल यांच्या ‘हॅम्नेट’ या २०२० च्या कादंबरीत दिसतं. क्लोई झाओ यांनी २०२५ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. कादंबरीमागच्या पक्क्या नोंदी थोड्या आहेत. शेक्सपिअरच्या हॅम्नेट आणि ज्युडिथ या जुळ्यांचा बाप्तिस्मा २ फेब्रुवारी १५८५ रोजी झाला. ११ ऑगस्ट १५९६ रोजी अकरा वर्षांच्या हॅम्नेटचं दफन झालं. मृत्यूचं कारण कुठंही लिहिलेलं नाही. प्लेग ही कादंबरीकारांची कल्पना आहे. त्यानंतर काही वर्षांनी ‘हॅम्लेट’ रंगभूमीवर आलं. त्या काळच्या स्ट्रॅटफर्डमध्ये ही दोन नावं एकमेकांच्या जागी लिहिली जात.

कादंबरीत आई अ‍ॅग्नेस रागानं लंडनला जाते. आपल्या मेलेल्या मुलाचं नाव नवऱ्यानं नाटकाला दिलं, याचा तिला संताप आहे. प्रेक्षकांत उभी राहून ती पाहते तर नाटकातल्या मेलेल्या बापाचं भूत झालाय तिचा नवरा, आणि जिवंत राजपुत्र झालाय एक तरुण, ज्याच्या चालण्या-बोलण्यात तिचा मुलगा मोठा झाल्यासारखा दिसतो. बापानं मरण स्वतःकडे घेतलं आहे आणि मुलाला जगायला दिलं आहे. प्रत्यक्षात जे अशक्य, ती अदलाबदल रंगमंचावर घडते. शेक्सपिअर स्वतः भुताची भूमिका करत असे, ही आख्यायिका निकोलस रो यानं १७०९ मध्ये नोंदवलेली आहे. कादंबरी तिच्यावर उभी आहे.

इतिहासकार मात्र इथं सावध करतात. डेन्मार्कच्या या राजपुत्राची कथा जुनी आहे आणि हॅम्नेट गेला त्याच्या आधीच तिच्यावरचं एक नाटक लंडनमध्ये होऊन गेलं होतं. त्यामुळं मुलाच्या शोकातून ‘हॅम्लेट’ निघालं असं ठामपणे म्हणता येत नाही. शेक्सपिअरच्या याच सुमाराच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या सुखांतिकेत तर जुळ्या भाऊ-बहिणींतला बुडाला असं वाटलेला भाऊ जिवंत परत येतो. तिचा सर्वांत जुना नोंदलेला प्रयोग २ फेब्रुवारी १६०२ चा, म्हणजे हॅम्नेट-ज्युडिथच्या बाप्तिस्म्याच्या तारखेचा. हा योगायोग असण्याचीच शक्यता जास्त, कारण तो सणाचा दिवस होता.

चौकट: कथा शोकात काय काय करते?

- मात्रा ठरवते. दुःखाला सुरुवात आणि शेवट असलेला वेळ मिळतो. मग रोजच्या कामांकडे परतता येतं.
- अंतर देते. ‘हे खोटं आहे’ या जाणिवेमुळं भावना पूर्ण अनुभवता येते.
- क्रम लावते. विखुरलेल्या आठवणींना ‘आधी’, ‘मग’ आणि ‘म्हणून’ मिळतं.
- नातं टिकवते. गेलेल्या माणसाला वेगळ्या रूपात जागा मिळते.
- सोबत देते. श्रोते किंवा प्रेक्षक असल्यानं दुःख एकट्याचं राहत नाही.

औषध म्हणून मोजायला गेलं तर

कथेच्या या गुणांचा गाजावाजा करताना थोडा हात आखडता घ्यायला हवा. पेनबेकर यांच्या पद्धतीवर नंतर शेकडो प्रयोग झाले. सगळे एकत्र तपासल्यावर फायदा दिसतो, पण तो लहान आहे. मार्गारेट स्ट्रोबे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ही पद्धत खास जोडीदार गमावलेल्यांवर तपासली, तेव्हा लिहिणारे न लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले असं आढळलं नाही. उत्तम कादंबऱ्यांतली काही पानं वाचल्यावर दुसऱ्याचं मन चटकन ओळखता येतं, असा २०१३ चा एक अभ्यास गाजला होता. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी तो करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही.

लेखकाला त्याची कला तारतेच, असंही नाही. लाखो मराठी माणसांना आईच्या आठवणीत मोकळं रडायला लावणाऱ्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यामागं एकच कारण शोधणं चुकीचं ठरेल. पण शोकावर सुंदर लिहिणं आणि स्वतःच्या निराशेतून बाहेर येणं ही दोन वेगळी कामं आहेत, एवढं त्यातून दिसतं.

शोक करणाऱ्यांतल्या थोड्या जणांच्या बाबतीत ती ये-जा थांबते आणि माणूस एकाच ठिकाणी अडकतो. सहा महिने उलटून गेल्यावरही ओढ आणि वेदना तितक्याच तीव्र असतील, त्या समाजात जेवढा शोक स्वाभाविक मानला जातो त्याच्या पलीकडे गेल्या असतील आणि रोजचं जगणं ठप्प झालं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याला प्रदीर्घ शोकाचा विकार म्हटलं आहे. त्यावर खास समुपदेशन-पद्धती आहेत. भारतात केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येतं, आणि मराठीतूनही.